दिंडी दरवाज्याची कैफियत

उरुसाच्या सकाळी दरबारच्या दप्तरातले कारकून करंजगडावर येणार, हे हंबीरराव नाईकवड्यांना आठ दिवस आधी कळलं होतं. त्या आठ दिवसांत त्यांनी गडाची वाट झाडून घेतली, दरवाज्याजवळच्या चौथऱ्याला चुन्याचा हात दिला, आणि आपल्या बापाची गोष्ट मनातल्या मनात दहादा सांगून पाहिली. खरं तर गोष्ट पाठच होती. बासष्टीला टेकलेल्या माणसानं जी गोष्ट कळायला लागल्यापासून ऐकली, ती त्याला घोकावी लागत नाही. पण या खेपेला ती कागदावर चढणार होती.

कारण तसंच होतं. गडाच्या पायथ्याला दरबार नवा तलाव बांधणार होता, आणि बांधाला लागणारा दगड गडाच्या पडक्या तटाचा न्यावा असं ठरत होतं. गडकऱ्यांनी बंड केलं त्या साली कंपनीच्या पलटणीनं हा गड घेतला आणि सुरुंग लावून बुरुज उडवले. त्यानंतर वर उरलं ते एवढंच: एक फुटकं तळं, पिराचा दर्गा, मोठ्या दरवाज्याची कमान आणि कमानीच्या आत पिराजी नाईकवड्यांचा चौथरा. करंजवाडीनं दरबारात अर्ज केला होता, की बाकीचा दगड खुशाल न्या, पण दरवाजा आणि चौथरा तेवढा राखा. दरबारनं अर्ज बाजूला टाकला नाही. त्या दरवाज्यात काय घडलं त्याची रीतसर कैफियत लिहून आणा, असा हुकूम काढला.

अर्ज लिहिला होता हंबीररावांच्या लेकानं. जोतीराम कोल्हापुरात मास्तर होता, अक्षर मोत्यासारखं होतं आणि आज्याच्या पराक्रमाचं वर्णन करताना त्यानं हात आखडला नव्हता.

कारकून आले तेव्हा उन्हं कोवळी होती. डोंगर चढून दमलेला, पिकल्या मिशांचा, थोडक्या बोलाचा माणूस. कमानीखाली जाजम अंथरलं होतं. त्यावर बसून त्यांनी मांडीवर फळी घेतली, दौत उघडली. खालच्या वाटेनं नगारा ऐकू येत होता. वाडीची माणसं मलिद्याची ताटं घेऊन वर यायला निघाली होती. दरवर्षी पिराच्या कबरीवर पहिला गलेफ चढायचा तो नाईकवड्यांच्या थोरल्या घराचा. जरीकाठाचं ते हिरवं वस्त्र हंबीरराव डोक्यावरच्या परातीतून आत न्यायचे. दरवाज्यात ज्याच्या बापानं देह ठेवला, त्याचा हा मान.

आणि नाईकवड्यांच्या धाकट्या घरचं कुणी उरुसाला दरवाज्याच्या आत येत नसे. मनाई कुणी केली नव्हती. गणपतराव नाईकवडी बाहेरच्या बाहेर उंबऱ्यावर नारळ ठेवायचे आणि मागं वळायचे. त्यांच्या बापानं, आकारामानं, दरवाज्यात सख्ख्या भावाला टाकून पळ काढला होता. वाडीतल्या तान्ह्या पोरालाही ते ठाऊक होतं.

"शके सतराशे सहासष्ट," कारकुनांनी लिहिलं. "हं, सांगा."

हंबीररावांनी फेटा सारखा केला. "कंपनीनं गडकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या जमिनीवर हात घातला, तवा गडागडावर बंड झालं. हितं चाळीस असामी हुती. माझे वडील पिराजी हे दरवाज्याचे नाईक. एकवीस दिवस पलटण खाली तळ ठोकून बसली. बाविसाव्या दिवशी पहाटं दारावर चालून आली. वडलांनी दारात एकट्यानं सात जण कापले, आन् ह्या चौथऱ्याच्या जाग्याला पडले. मी तवा आईच्या पोटात हुतो."

"आणि बाकीचे?"

इथं हंबीररावांचा आवाज नेहमीच खाली यायचा. "लढले. काही पडले, काही धरले. एक पळाला. वडलांचा धाकटा भाऊ आकाराम. मागच्या कड्यावरनं उतरून गेला."

"आकाराम नाईकवडी, फरारी," लिहिता लिहिता कारकून पुटपुटले.

"ते लिहू नका."

बोलणाऱ्या बाईचा आवाज म्हातारा होता, पण थरथरत नव्हता. लालबी काठी टेकत दर्ग्याकडून आली होती. गडावरच्या मुजावरांची ही लेक. नवरा मेल्यावर माहेरी परतली, आणि पिराची दिवाबत्ती करणारा तिचा मुलगा बाबालाल तिच्यासोबत इथंच राहायचा. वय चौऱ्याहत्तर. हंबीरराव जन्मले ते मुजावरांच्याच झोपडीत, आणि पहिली दोन वर्षं ते तिच्याच कडेवर वाढले होते. त्यांच्यासाठी ती आक्का होती.

"अम्मा, ऊद घालायचा हाय. चल," बाबालाल घाईनं म्हणाला.

"तू जा."

"आक्का, काय झालं?" हंबीररावांनी विचारलं. "कशापायी लिहायचं न्हाय?"

"खोटं हाय म्हणून."

कारकुनांनी लेखणी दौतीत ठेवली आणि ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"घरचं बोलणं घरात करून या," ते म्हणाले. "मी तोवर तळं बघतो. एवढंच सांगतो, मी परत येणार नाही. आज जे लिहिलं जाईल तेच दप्तरात राहील. आपण सगळे गेल्यावर लोक तेच खरं मानतील."

मुजावरांच्या झोपडीत उदाचा वास कोंडला होता. आत पाच माणसं बसली: हंबीरराव, त्यांची बायको झुंबरबाई, जोतीराम, बाबालाल आणि लालबी. हंबीरराव दाराकडं तोंड करून बसले, जणू लगेच उठायचं आहे.

"बोल," ते म्हणाले.

लालबीनं काठी भिंतीला टेकवली. "तोफेचा गोळा तळ्याच्या भिंतीवर बसला, अठराव्या दिवशी. सगळं पाणी कड्यावरनं खाली गेलं. गडावर बाया-पोरं तीसभर. उरला तो गाळ. तोच फडक्यानं गाळून प्यालो. तीन दिवसांत चार पोरं गेली. माझा भाऊ निसार त्यातला. चार वर्सांचा हुता."

हे हंबीररावांनी कधी ऐकलं नव्हतं. निसार नावाचा कुणी होता, हेही नव्हतं.

"तुझ्या बानं माझ्या बाला बोलावलं. म्हणाला, नबीलाल, तू पिराचा माणूस, तुला कोण गोळी घालनार न्हाय. खाली जा, गोऱ्या सायबाला इचार, बाया-पोरं सोडतोस का. माझा बा खाली गेला. सायबानं व्हय म्हटलं. पहाटं दिंडी उघडायचं ठरलं." ती दारातून दिसणाऱ्या कारकुनांच्या रिकाम्या जाजमाकडं बघत होती. "मोठ्या दारातली दिंडी, माणूस वाकून जाईल एवढीच. आकारामाला ठाऊक न्हवतं. बाकी कुणालाच ठाऊक न्हवतं. ती माणसं मरायला बसली हुती, त्यांनी दार उघडू दिलं नसतं."

"म्हंजे दार..." हंबीरराव दाराकडून तिच्याकडं वळले.

"तुझ्या बानं उघडलं. मी सातवी भायेर पडले. तुझी आई माझ्या मागं. दहा-बारा जणी झाल्या असतील, तवर पलटण धावली. सायबानं शब्द मोडला का शिपायांनी ऐकलं न्हाय, ते मला ठाऊक न्हाय. दिंडीतनंच आत शिरली. तुझा बा दार ओढून घ्यायला धावला, दारातच त्याला कापला. त्यानं कुणाला मारलं न्हाय, हंबीर. त्याच्या हातात तलवार न्हवती. कुणाचं तरी पोर हुतं कडेवर."

बाहेर नगारा जवळ आला होता.

"आन् आकाराम?" हंबीररावांनी विचारलं. बासष्ट वर्षांत हे नाव त्यांनी शिवीवाचून पहिल्यांदाच घेतलं असावं.

"आतल्या बुरुजावर दुपारपतूर लढला. खांद्यात गोळी घेऊन पडला, मेला म्हणून शिपायांनी सोडला. तिसऱ्या दिवशी आम्ही लपलेलो तिथं रांगत आला. तवर वाचलेली माणसं एकच इचारत हुती, दिंडी कुणी उघडली. नाव कळलं असतं तर तुझ्या आईला पोटातल्या पोरासकट वाडीतनं हाकललं असतं. आकारामानं आमच्याकडनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून वाडीत गेला आन् म्हणाला, पलटणीनं दिंडी फोडली, दादा दारात पडला, मी पळालो. आपल्याच तोंडाला कोण काळं फासून घेतंय? लोकांनी खरं मानलं. दिंडीतनं सुटलेल्या बायांनी तोंड उघडलं न्हाय."

"त्यानं आम्हा तिघांना पिराच्या कबरीवर हात ठेवायला लावला," ती पुढं म्हणाली. "माझा बा, तुझी आई आन् मी. म्हणाला, पोर जन्मायचंय. त्याला बाप पायजे."

"आई असं कधी बोलली न्हाय," हंबीरराव म्हणाले. आवाजात राग होता, पण तो कुणावर काढावा ते त्यांना कळत नव्हतं. "मराय टेकली तवा मी उशाला हुतो. एक अक्षर बोलली न्हाय."

"बोलल्या," झुंबरबाई म्हणाल्या. "मला."

हंबीररावांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याआधी कधी बोलली नव्हती आणि त्यांच्यापासून काही लपवेल असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तुला ठाऊक हुतं?"

"वीस वर्सं. शपथ घालून सांगितलं हुतं सासूबाईंनी." झुंबरबाईंनी पदर सावरला. "आकारामकाका गेले तवा मी सांगणार हुते. तिरडीला चौथा खांदेकरी मिळंना, म्हणून गणपतभावजी दारोदार फिरत हुते. आपल्या दारात आले. तुम्ही उंबऱ्यात उभं हुता, मी पाठीमागं. तोंडापतूर आलं आन् गिळलं. तुम्ही दार लावून घेतलं. तेवढं एक पाप माझं हाय."

हंबीररावांना तो दिवस आठवला. गणपतरावांचा चेहरा आठवला नाही, कारण त्यांनी तेव्हा त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं.

बाबालाल इतका वेळ हातांच्या बोटांत बोटं अडकवून बसला होता. तो म्हणाला, "मामा, मी एक बोलतो. हे भायेर गेलं तर आमाला हितं कोण ऱ्हाऊ देईल? सायबाकडं आमचा आजा गेलता. लोक म्हंतील मुजावरानं गड दिला. पाच पिढ्या पिराची झाडलोट केली, ती कोण ध्यानात ठेवनार? अम्माचं काय, तिची वर्सं सरली. माझी पोरं हायती."

"बाबालाल बरोबर बोलतोय," जोतीराम घाईनं म्हणाला. "आबा, अर्जात मी लिहिलंय की आज्यानं एकट्यानं दार राखलं. तेच दार आज्यानं उघडलं म्हटल्यावर दरबार ते कशाला राखेल? उद्या पहारी घेऊन माणसं येतील. आपण असं करू. आकारामआज्यांचं नावच गाळू. पळाले असं लिहायचं न्हाय, लढले असंही लिहायचं न्हाय. मग खोटं कुठं राहिलं?"

"आन् मग आकाराम गेला कुठं?" लालबीनं विचारलं.

जोतीराम मास्तर होता, पण त्यालाही ठाऊक होतं की वाडी दप्तर वाचत नाही. वाडीत आकाराम पळपुटाच राहणार.

"आक्का," हंबीरराव हळूच म्हणाले, "बासष्ट वर्सं गप बसलीस. आजच कशाला?"

"नुसतं तोंडचं बोलणं हुतं तवर मी गप बसले. आकारामाचीच तशी मर्जी हुती. पण कागदावर त्याला पळपुटा लिहायला त्यानं मला सांगितलं न्हवतं." ती थांबली. "आन् माझं पण काय उरलंय? मी मेले की हे सांगायला कोण न्हाय."

हंबीरराव उठले आणि बाहेर पडले. कुणी मागं गेलं नाही.

दरवाज्यापर्यंत ते रोजच्या सवयीनं चालत गेले, आणि चौथऱ्याजवळ येऊन थबकले. आठ दिवसांपूर्वी दिलेला चुना उन्हात पांढराफेक दिसत होता. लहानपणी ते या दगडावर डोकं टेकून झोपायचे. कुणाशी भांडण झालं, वाटणीत कुणी दमदाटी केली, की त्यांच्या मनात एकच यायचं: मी सात जणांना कापणाऱ्याचा ल्योक. त्या जोरावर त्यांनी माणसं जोडली होती, पंचायतीत बोट दाखवून बोलले होते, आणि एका घराला दरवाज्याबाहेर ठेवलं होतं. आता ते सात जण नव्हतेच. कडेवर पोर घेतलेला एक माणूस होता, आणि त्याला ते ओळखत नव्हते.

कमानीबाहेर गणपतराव उंबऱ्यावर नारळ ठेवून पाठमोरे झाले होते.

"गणपत," हंबीररावांनी हाक मारली.

गणपतराव वळले. सडसडीत, उन्हानं रापलेला, पंचावन्नचा माणूस. थोरल्या घरानं नावानं हाक मारावी याची त्यांना सवय नव्हती. "काय, दादा?"

"तुझा बा त्या दिवसाचं तुला कधी काय बोलला?"

गणपतरावांचा चेहरा आवळला. "आज उरुसाच्या दिवशी तेच उकरायचंय व्हय?"

"उकरायला न्हाय. इचारतोय."

गणपतरावांनी उंबऱ्यावरचा नारळ सारखा केला. "एकदा मीच इचारलं. दहा-अकराचा हुतो. पळपुट्याचा म्हणून पोरांनी दगड मारला, हितं कपाळाला. घरी जाऊन तोंडावर इचारलं, तुम्ही पळालता का. म्हणाला, व्हय. एवढंच. मग पाणी आणून माझी खोक धुतली. मी त्याच्याशी पुढं धड बोललो न्हाय. शेवटच्या दिवशी पाणी पाजलं, ते बी तोंड फिरवून."

हंबीररावांना वाटलं, आत्ता मागं फिरावं. बाबालालाचं ऐकावं, जोतीरामाचं ऐकावं, नाव गाळावं आणि गलेफ डोक्यावर घ्यावा. हे सांगितलं तर या माणसाचं मेलेल्या बापाशी नवं भांडण सुरू होईल, ते त्याला कधीच मिटवता येणार नाही. पण त्याच्या कपाळावर भुवईच्या वर तो वण अजून होता. तो बघत त्यांनी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. दार कुणी उघडलं तेही, आणि तिरडीच्या दिवशी आपण दार का लावलं तेही.

गणपतराव ऐकता ऐकता खाली बसले. उंबऱ्याच्या दगडावर हात टेकून, डोकं खाली घालून बसून राहिले. रडले नाहीत. मान वर करून म्हणाले, "मग मला तरी सांगायचं हुतं त्यानं. मी काय वाडीभर बोंबलत फिरलो असतो?"

कदाचित पोराला सांगितलं तर पोर लपवायला शिकेल, असं आकारामाला वाटलं असेल. कदाचित शपथ ती शपथ.

"आता काय पायजे तुला?" गणपतरावांनी विचारलं. "माफी मागाय आलास?"

"न्हाय. मागून काय हुणार? लिहून घ्यायला माणूस आलाय. मी सांगणार हाय. आधी तुझ्या कानावर घातलं."

"मला तुझा मान नगो. गलेफ नगो," गणपतराव म्हणाले. "माझ्या बाचं नाव नीट लिव्ह. बाकी तुझं तू बघ."

कारकून तळ्यावरून परत आले तेव्हा नगारा थांबला होता आणि वाडीची दीडदोनशे माणसं कमानीच्या आतबाहेर उभी होती. हंबीररावांनी जाजमावर बसायला नकार दिला. ते उभ्यानं बोलले. पहिल्यापासून, तळ्याची भिंत फुटली तिथपासून. लेखणी करकरत होती. मधे माणसांत कुजबुज उठली, मग ती थांबली. बाबालाल दर्ग्याच्या पायरीवर उभा होता, आणि नबीलालाचं नाव यायची वेळ झाली तेव्हा त्यानं मान खाली घातली.

हंबीररावांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं.

"लिहा," ते कारकुनांना म्हणाले. "दरवाज्याच्या नाईकानं हुकूम केला म्हणून मुजावर नबीलाल खाली गेले. त्यांचा स्वतःचा ल्योक तहानेनं गेलता, तरी ते आपल्या जिवासाठी गेले न्हाईत. हुकूम नाईकाचा. दिंडी नाईकानं उघडली. जे काय झालं त्याचा जाब नाईकाच्या घराण्याला इचारावा, दुसऱ्या कुणाला न्हाय."

"आणि आकाराम नाईकवडी?"

"शेवटपतूर लढले. जखमी झाले. पळाले न्हाईत. भावाच्या बायकोचा आन् पोटातल्या पोराचा जीव राखायला आपण पळालो असं सांगितलं, आन् मरेपतूर तसंच सांगत ऱ्हायले. ते पोर मी."

कारकुनांनी शेवटची ओळ लिहून शाईवर वाळू टाकली. मग कागद हातात धरून, रीत म्हणून, सगळी कैफियत मोठ्यानं वाचून दाखवली. शासकीय भाषेत ती कोरडी झाली होती, पण आकारामाचं नाव आलं तिथं कारकुनांनी आवाज चढवला, मुद्दाम असेल नसेल. हंबीररावांनी सही केली. खाली साक्षीला लालबीचा अंगठा उमटला.

"आता दरवाज्याचं?" जोतीरामानं विचारलं.

"ते मी ठरवत नाही, मास्तर. मी लिहितो." कारकुनांनी दौतीचं झाकण लावलं. "पण अर्जापेक्षा हे बरं उतरलंय."

गर्दीतली काही माणसं पिराला न जाताच माघारी उतरायला लागली. त्यांचे आजे त्या दिवशी आतल्या बुरुजावर मेले होते. दिंडी उघडली नसती तर ते वाचले असते की सगळेच तहानेनं मेले असते, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं, आणि हंबीररावांनी त्यांना थांबवलं नाही. बाळासो खोत मात्र जाग्यावर उभा राहिला. दांडगा, भांडखोर म्हणून वाडीत नावाजलेला माणूस. तो कुणाकडं न बघता म्हणाला, "माझी आजी त्या दिंडीतनं भायेर आली हुती. कडेवर माझा बा हुता. दार कुणी उघडलं म्हणून आम्ही इचारलं की ती नुसती पिराकडं हात जोडायची." एवढं बोलून तो आत गेला आणि त्याच्यामागं पुष्कळ माणसं गेली. ती माणसं जन्माला आलीच ती त्या दिंडीमुळं, हे त्यांना त्या उन्हात उभं राहून हळूहळू उमगत होतं.

झुंबरबाई गलेफाची परात घेऊन कमानीपाशी आल्या. गणपतराव अजून उंबऱ्याबाहेरच होते.

"भावजी, आत या."

"मी मान घ्यायला आलो न्हाय, वैनी."

"मान कोण देतंय? नुसतं आत या."

गणपतराव आत आले. चौथऱ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, हंबीररावांकडंही नाही. सरळ दर्ग्याकडं चालत गेले. त्या वर्षी पहिला गलेफ कुणाच्याच डोक्यावर चढला नाही. बाबालालनं तो हातावर घेऊन कबरीवर अंथरला, आणि हंबीरराव जन्मात पहिल्यांदा बाहेर, चपला राखणाऱ्या माणसांत उभे राहिले.

दरबारचा हुकूम पुढं मिरगाच्या तोंडाला आला. दरवाजा, चौथरा आणि तळ्याची फुटकी भिंत राखून बाकीचा दगड न्यावा, असा. तळ्याच्या भिंतीबद्दल अर्जात कुणी मागितलंच नव्हतं. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक नव्हतं. दोन्ही घरांत येणं-जाणं सुरू व्हायला त्यानंतरही चार वर्षं लागली, आणि गणपतराव हंबीररावांशी मोजकंच बोलत राहिले, अखेरपर्यंत.

उरुसाच्या त्या दुपारी माणसं जेवायला पांगली. लालबी दर्ग्याच्या सावलीला पाय पसरून बसली होती. हंबीरराव येऊन तिच्याजवळ भुईवरच बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आक्का," ते म्हणाले, "माझा बा दिसायला कसा हुता?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

लालबीनं जरा आठवल्यासारखं केलं. "बुटका. तुझ्या खांद्याला लागला असता. बोलताना अडकायचा, म्हणून मोठ्या माणसांत गप असायचा. पोरांत बसला की मग बोलायचा. आम्ही त्याच्या पागोट्यात करंजाच्या वाळल्या शेंगा लपवायचो. त्याला कळायचं, तरी तसंच पागोटं बांधून पहाऱ्यावर जायचा. चालला की शेंगा खुळखुळायच्या, आन् शिपाई हसायचे. त्याला काय वाटायचं न्हाय."

हंबीररावांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा ते हसताहेत की रडताहेत हे लालबीला नीट दिसलं नाही.

"आणखी सांग," ते म्हणाले.